दारात बघायचं नसतं

विमलकाकूंनी बादली उचलून पुढं धरली, तशी हरणाबाईनं रोजच्यासारखी मान वळवली आणि समोरच्या भिंतीवर उतरलेल्या उन्हाकडं बघितलं. हात बादलीखाली, डोळे उन्हात. बादली हातगाड्यात उपडी व्हायची, रिकामी होऊन उंबऱ्यावर यायची, मगच तिची मान सरळ व्हायची. गल्लीतल्या बायांना ह्या मान वळवण्याची इतकी सवय झाली होती की ते त्यांना दिसेनासं झालं होतं. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, तसं.

आज मात्र हातगाड्याच्या पलीकडं मंजुषा उभी होती. हरणाबाईची सून. अंगात पालिकेनं दिलेलं पोपटी जाकीट, हातात मोजे. ती पुढं वाकली आणि तिनं बादलीत बघितलं.

"काकू, ह्यात शिळा भात बी हाय अन् कागदाची गुंडाळी बी हाय. ओलं-सुकं येगळं करून द्यावं लागंल आता."

कुणी पदराला हात घालावा, तशी विमलकाकूंनी बादली मागं ओढली. उद्या देते, एवढंच म्हणाल्या. दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. हरणाबाईचे हात तसेच पुढं राहिले होते; ते तिनं हळूच गाड्याच्या दांडीवर ठेवले आणि गाडा पुढं ढकलला.   दुपार व्हायच्या आत गल्लीच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत एकच बोलणं झालं होतं, की हरणाबाईची सून दारात उभी राहून बादल्या तपासती.

तुळजापूरच्या देवळामागची ही गल्ली उताराची. वरच्या अंगाला सोलापूरहून आलेल्या यात्रेकरूंची गर्दी, लॉजचे बोर्ड, कुंकवाची आणि पेढ्यांची दुकानं. खालच्या अंगाला जुनी नांदती घरं, पुजाऱ्यांची, मास्तरांची, कारकुनांची. पालिकेची मोठी घंटागाडी ह्या बोळात कधी शिरलीच नाही. शिरला तो हरणाबाईचा हातगाडा. आता पालिकेनं बॅटरीवरची अरुंद घंटागाडी आणायचं ठरवलं होतं. तिच्याबरोबर नवा नियमही येणार होता: घरोघरी दोन बादल्या, एक ओल्याची, एक सुक्याची, आणि गाडीवरच्या बाईनं दारातच बघून घ्यायचं. सरमिसळ दिसली की बादली परत. गाडी चालवायला मंजुषाचं नाव पुढं होतं. ती गाडी शिकली होती, परवानाही काढला होता, आणि घरं ओळखीची व्हावीत म्हणून तिला आधी सासूबरोबर फेरीला लावलं होतं. पण आधी गल्लीचं म्हणणं ऐकायचं, मग नक्की करायचं, असं पालिकेनं सांगितलं होतं. शनिवारी शाळेत बैठक होती. गल्ली नको म्हणाली तर सगळं आहे तसंच राहणार होतं. तोच गाडा, तीच हरणाबाई.

हरणाबाई मूळची येरमाळ्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिची आई दगडाबाई येडाईची, तिथल्या देवीची, आराधीण. मंगळवारी-शुक्रवारी गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात परडी घेऊन ती पाच घरं जोगवा मागायची, आणि परकराच्या वयाची हरणा तिच्या मागं मागं असायची. एकदा एका दारात कुणी मूठभर पीठ घातलं, तेव्हा हरणानं टाचा उंचावून परडीत डोकावलं होतं. आईनं तिथं काही म्हटलं नाही. वेशीपाशी आल्यावर तिला समोर उभं केलं आणि सांगितलं, की दारात परडीत बघायचं नसतं. कुणाच्या घरात सूपभर असतं, कुणाच्या घरात चिमूटभर. आपण बघितलं की देणारणीची मान खाली जाती. जोगवा मागायला गेलेल्या बाईनं कुणाची मान खाली घालायची नसती. पडलं ते आईचं. घरी जाऊन बघावं, आणि बघितलं ते कुणाला सांगू नये.

परडी आईकडून हरणाकडं आली. लग्न होऊन ती तुळजापुरात आली, नवरा बिभीषण लवकर गेला, पदरात वैजनाथ होता, आणि पालिकेचा हातगाडा हातात आला. तेव्हा गाडा धरायची दुसरी कुठली रीत तिला ठाऊकच नव्हती. परडी धरतात तसाच तिनं तो धरला. दार आलं की उभं राहायचं, दोन्ही हातांनी घ्यायचं, मान वळवायची. सकाळच्या पहिल्या वळणावर ती दबक्या आवाजात म्हणायची,

तांबडं फुटलं गं, ऊन आलं उंबऱ्याला
सरल्या दिसाचा केर घाल माझ्या वटीला

आणि त्या सुरावर एकेक दार उघडायचं. मंगळवारी तीच हरणाबाई न्हाऊन-धुऊन, कपाळभर मळवट भरून त्यातल्याच पाच दारांत परडी घेऊन उभी राहायची. सकाळी केर देणारा हात दुपारी पीठ घालायचा. गल्लीत कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, आणि हे गल्लीच्याही मोठेपणाचं म्हणायला हवं.

पण दारात न बघितलेलं कुठंतरी बघावं लागतंच. गल्ली संपते तिथं एक चिंच आहे. तिच्या सावलीत गाडा टेकवून हरणाबाई बसायची आणि सगळं हातानं निवडायची. भात, भाज्यांची देठं एकीकडं. कागद, बाटल्या, पुठ्ठे एकीकडं. देवाची फुलं निराळ्या पाटीत. मोजे मिळायचे, पण मोज्यातून काच कळत नाही म्हणून ती काढून ठेवायची. कुणाच्या घरात दारूची बाटली आली, कुणाकडं फाडलेली लग्नपत्रिका, कुणाच्या सुनेच्या तपासणीचा कागद चार तुकडे होऊन आला, हे सगळं त्या चिंचेखाली तिच्या हाताखालून जायचं आणि तिथंच राहायचं. गल्लीतल्या भांडणांत कुणी कुणाचं काय काय बाहेर काढलं असेल, पण हरणाबाईच्या तोंडून एक काडी कधी बाहेर आली नाही.

त्या दुपारी मंजुषा चिंचेखाली येऊन बसली. जाकीट काढून मांडीवर घेतलं.

"आत्या, माझ्यावर राग धरलाव?"

"तुझ्यावर कशाला. दारात बघितलंस, त्येचं वाईट वाटलं."

"तुमी दारात बघत न्हाय, म्हणून हितं बसून बघावं लागतंय. त्येबी हातानं." मंजुषानं सासूचा उजवा हात धरला आणि उलटा केला. मधल्या बोटाचं वरचं पेर नव्हतं. "त्यांची मान वर ऱ्हावी म्हणून तुमचं बोट गेलं. उद्या माझं जाईल."

मागल्या वर्षी आखाडात एक सुई त्या बोटात शिरली होती. साखरेच्या दुखण्यावर पोटात टोचतात, तसली बारीक सुई. बोट सुजलं, ताप चढला, आणि शेवटी सोलापूरच्या दवाखान्यात पेर काढावं लागलं. सुई होती एवढं मंजुषाला ठाऊक होतं. कुणाची, ते तिनं नाना परींनी विचारून बघितलं होतं. हरणाबाई मुकी झाली होती. आणि गल्लीत तर तिनं सुईचंही नाव काढलं नव्हतं. विमलकाकूंनी पट्टी बघून विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, बाभळीचा काटा गेला.

तिला मात्र ठाऊक होतं. तसल्या सुया तिच्या फेरीत एकाच घरातून येत. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, वर दोरा, आणि दोऱ्याला एक विशिष्ट दुहेरी गाठ. तशीच गाठ मंगळवारी परडीत पडणाऱ्या पिठाच्या पुडीला असायची. विमलकाकूंच्या हातची.

विमलकाकूंचे यजमान विष्णुपंत गल्लीतले मानाचे गृहस्थ. शाळेत मास्तरकी केली, निवृत्त झाले, तरी चालणं ताठ. गल्लीत कुणाला साखर निघाली की पंत त्याला कट्ट्यावर बसवून सुनवायचे, जिभेला लगाम नाही म्हणून ही वेळ येते, आमच्याकडं बघा. आणि रोज सकाळी, कडी लावून, विमलकाकू त्यांना पोटात सुई टोचत होत्या. हे ठाऊक असलेली जगात तीनच माणसं होती. तिसऱ्या माणसाला ते ठाऊक आहे, हे पहिल्या दोघांना ठाऊक नव्हतं.

"कुणाची व्हती ती सुई, तेवढं सांगा बैठकीत," मंजुषा म्हणाली. "लई बोलायची गरजच न्हाय. गल्ली गुमान दोन बादल्या ठिवील."

हरणाबाईनं हात सोडवून घेतला आणि पुठ्ठे एकावर एक रचायला लागली.

शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या होत्या. पालिकेच्या बाई तरुण होत्या, समजुतीनं बोलत होत्या. सरमिसळ केर डोंगरासारखा साठत जातो, ओल्याचं खत होतं, सुक्याला भाव येतो, गाडी आता घाटाच्या तोंडाशी असलेल्या वस्त्यांपर्यंतही जाईल, असं त्यांनी नीट सांगितलं. लोकांनी दोन बादल्यांना फारशी हरकत घेतली नाही. हरकत होती ती बघण्याला. लोक एकमेकांकडं न बघता बोलत होते.

विष्णुपंत उठले. उपरणं सावरलं.

"बादली ही घराची अब्रू असते," ते म्हणाले. "ती कुणी चव्हाट्यावर उपडी करून बघावी, हे आमच्या गल्लीला शोभत नाही. ही हरणाबाई बसली आहे. इतकी वर्षं हिनं आमचा केर नेला, एकदा, एकदासुद्धा हिनं आत डोकावून बघितलं नाही. असं माणूस असताना नवं कशाला? जे चाललंय ते उत्तम चाललंय."

माना डोलल्या. पेढेवाला बलभीम भिंतीला टेकून बसला होता.

"पंत, अब्रू हाय तर मग ती बादलीत टाकायची कशाला?"

हशा पिकला. पंतही कसनुसं हसले, पण बसले नाहीत. हरणाबाईलाच विचारा, म्हणाले. पालिकेच्या बाईंनी तिच्याकडं बघितलं, सगळ्या गल्लीनं बघितलं. आणि मागच्या रांगेतून मंजुषानं बघितलं.

हरणाबाई उठली. उजवा हात पदराखाली होता. जोगवा मागताना पाच घरांत ती कधी अडखळली नव्हती. इथं तिला शब्द सापडायला वेळ लागला. एक शब्द तर जिभेच्या टोकावर होता. तो टाकला असता, तर सगळं संपलं असतं, गल्लीची हरकतही आणि पंतांची ताठ मानही.

"पंत बोलले ते खरं हाय," ती म्हणाली. "म्या दारात बघत न्हाय. आईनं तसंच शिकवलंय. पर म्या बघतच न्हाय, असं न्हाय बाबांनो. तिकडं चिंचेखाली बसून समदं बघते. हातानं बघते."

तिनं हात पदराबाहेर काढला. दाखवायला म्हणून काढला नव्हता. बोलताना तो आपसूक बाहेर आला.  इतके महिने ह्या हातानं रिकामी बादली उंबऱ्यावर ठेवली होती, आणि आपण तो नीट बघितला नव्हता, हे बऱ्याच जणांच्या तोंडावर उमटलं.

पालिकेच्या बाईंनी विचारलं, हे कशानं झालं?

हरणाबाईची नजर समोर बसलेल्यांवरून फिरली. पंतांवर आली. तिथं थांबली नाही, पुढं गेली.

"बाभळीचा काटा गेला," ती म्हणाली. मागं मंजुषानं डोळे मिटले. "त्येचं जाऊ द्या. माझं म्हणणं येवढंच हाय. माज्या मागं आता पोरगी येणार हाय. तिला तुमच्या दारात बघायची पाळी आणू नका. तुमीच आधी बघा. घरात, दार लावून, आपलं आपण बघा. आपल्या केराला आपण बघितलं तर त्यात लाज न्हाय. न्हाय बघितलं, तर कुणाला तरी बघावंच लागतंय."

ती खाली बसली. जे चाललंय ते चालू ठेवा, एवढं म्हणाली असती तर गाडा तिचाच राहिला असता. हे सगळ्यांना कळत होतं.

बायांच्या बाजूनं विमलकाकू उठल्या. कुठल्याच बैठकीत त्या आजवर उठल्या नव्हत्या. उठलेल्या बघून त्यांच्या शेजारणीलाच दचकायला झालं.

"एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण फुटला नाही. "काच, सुया, दवाखान्याचं काही... असलं झाकणाच्या डब्यात घालून वेगळं दिलं, तर तो डबा दारात उघडून बघणार का?"

पालिकेच्या बाईंनी मंजुषाकडं बघितलं.

"न्हाय उघडणार," मंजुषा म्हणाली. "झाकण लावलेला डबा कुणाचाबी असू द्या. तसाच पुढं दवाखान्याच्या कचऱ्यात जाईल."

विष्णुपंत अजून उभेच होते. त्यांनी बायकोकडं बघितलं, मग हरणाबाईच्या हाताकडं. मास्तर माणूस; एकाशेजारी एक ठेवून बघायला त्यांना वेळ लागला नाही. ते सावकाश बसले. बसताना उपरणं खांद्यावरून घसरलं, ते त्यांनी उचललं नाही. पुढं गल्लीनं दोन बादल्या आणि झाकणाचा डबा कबूल केला, तेव्हा हात वर करणाऱ्यांत त्यांचा हात सगळ्यांत आधी नव्हता, पण होता.

दुसऱ्या सकाळी हरणाबाई गाडा घेऊन आली, तेव्हा विमलकाकूंचं दार उघडंच होतं. उंबऱ्यावर दोन बादल्या. काकू पेढ्याचा पत्र्याचा डबा घेऊन बाहेर आल्या. झाकणाभोवती दोरा, दोऱ्याला दुहेरी गाठ.

हरणाबाईनं हात पुढं केले आणि मान उन्हाकडं वळवली.

काकूंनी डबा लगेच दिला नाही.

"आपल्या गल्लीत बाभूळ नाही, हरणाबाई," त्या म्हणाल्या.

हरणाबाईची मान भिंतीकडंच राहिली. ऊन दगडांच्या सांध्यातून हळूहळू खाली सरकत होतं.

"गल्लीत न्हाय, काकू," ती म्हणाली. "वाटंला हायत की."

डबा तिच्या हातात आला. त्याच्याबरोबर काकूंचे दोन्ही हातही आले आणि त्या पेर नसलेल्या बोटाभोवती क्षणभर थांबले. आत, कडी न लावलेल्या खोलीत पंत खोकले. मग तेच बाहेर आले आणि सुक्याची बादली त्यांनी स्वतः उचलून गाड्यापाशी आणली. जन्मात कधी बादली उचलली नसावी, कारण बादलीची कडी त्यांनी उलटी धरली होती. हरणाबाईनं ती सरळ करून घेतली. 

नवी गाडी आली. पहिल्या दिवशी मंजुषानं बोळाच्या तोंडाशी तिला हळद-कुंकू वाहिलं. हातगाडा पालिकेच्या आवारात गेला. वैजनाथ म्हणाला, आई, आता निवांत झोप. ती तांबडं फुटायच्या आधीच उठून बसली. उठायची सवय हाडात मुरलेली असते, ती पालिकेकडं जमा करता येत नाही. मंगळवारची परडी मात्र तिचीच राहिली, आणि पाच दारंही.

हरणाबाई राहते ती वस्ती घाटाच्या तोंडाशी. तिथं केर न्यायला कधी कुणी आलं नव्हतं. लोक ओढ्यात टाकायचे. हरणाबाई स्वतःच्या घरचा केर सकाळी पिशवीत घालून कामावर न्यायची आणि गाड्याच्या कोपऱ्यात ठेवायची.

नव्या गाडीच्या त्या पहिल्या सकाळी वळणावर घंटा वाजली. शेजारपाजारची दारं उघडली. हरणाबाई दोन बादल्या घेऊन उंबऱ्यात येऊन उभी राहिली. बादलीत काही वाईट नव्हतं, कांद्याची साल, चहाचा गाळ, भाकरीचा एक करपलेला तुकडा. तरी तिचा हात आपोआप पदराकडं गेला आणि पदर बादलीवर आला. गल्लीतल्या सगळ्या बाया तिला त्या क्षणी एकदम कळल्या.

गाडी दारात थांबली. मंजुषा उतरली. तिनं दोन्ही हात पुढं केले, आणि इतके दिवस शेजारी उभं राहून बघितलेलं अंगात भिनलं असावं, तिची मान भिंतीकडं वळायला लागली.

"बघ की," हरणाबाई म्हणाली आणि पदर काढला. "तुझं कामच हाय."

मंजुषानं बघितलं. ओल्याच्या बादलीत बघितलं, सुक्याच्या बादलीत बघितलं. जसं कुणाच्याही दारात बघितलं असतं तसं, ना कमी ना जास्त.

"बराबर हाय," ती म्हणाली. बादल्या रिकाम्या केल्या, उंबऱ्यावर ठेवल्या आणि गाडी पुढच्या दाराकडं नेली.

हरणाबाईनं वाकून बादल्यांच्या कड्या धरल्या. रिकाम्या बादल्या तिनं उभ्या जन्मात लोकांच्या उंबऱ्यांवर ठेवल्या होत्या. उंबऱ्याच्या आत नेलेल्या ह्याच पहिल्या.